दगड ओढत नाही

हे लिहायचे मी अनेक वर्षे टाळले. आधी नोकरीची भीती होती, नंतर निवृत्तिवेतनाची. दोन्ही भीती संपल्यावर बायकोचा विचार आडवा आला, कारण तिचा काही दोष नसताना ती या गोष्टीत येते. मागच्या वर्षी ती गेली. आता लाज वाटून घ्यायला मी एकटाच उरलो आहे, आणि माझे वयही असे आहे की पुढच्या वर्षावर काही ढकलू नये.

ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना ऑफिसात सगळे भाऊ म्हणत. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. ते एकदा एका चौकशी अहवालात चुकीच्या जागी लिहिले गेले आहे, तेवढे पुरे.

भाऊ आमच्या कार्यालयात ड्राफ्ट्समन होते. ऐंशीचे दशक नुकते सुरू झाले होते. गडचिरोलीच्या जंगलात रस्ते करायचे, नाल्यांवर पूल टाकायचे, हे आमचे काम. मी नागपूरहून इंजिनिअरिंगची पदवी घेऊन कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो, तेव्हा भाऊ पंचेचाळिशीचे असतील. बारीक, काळेसावळे, पांढरा शर्ट कायम इस्त्रीचा. शर्टाच्या खिशात ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची दोन-तीन पाने. पहिल्या दिवशी मला वाटले, हे गृहस्थ बिड्या वळतात.

त्याच दिवशी माझे टेबल डुगडुगत होते. मी कागदाची घडी करून एका पायाखाली सारायला वाकलो, तर ते उठून आले.

“थांबा साहेब. कोनता पाय खोटा आहे, पाह्यलं का?”

“हाच असेल.”

“असन. पन पाह्यलं का?”

मग इस्त्रीच्या कपड्यांनिशी ते फरशीवर गुडघे टेकून बसले, खिशातले पान काढले आणि एकेका पायाखाली सारून पाहू लागले. तीन पायांखाली ते शिरेना. चौथ्याखाली सहज गेले. मी दाखवलेला पाय तो नव्हता.

“हे पहा. इथी जागा आहे, म्हनून भार नाई. तिथी भार आहे, म्हनून जागा नाई. दोघांतलं एक शून्य असलंच पाह्यजे. दोनी एका टायमाले कधीच नाई.”

मी नवा होतो, पहिल्या वर्गात पास झालेला होतो. म्हणालो, “भाऊ, हे तर उघडच आहे.”

“उघडच आहे साहेब,” ते म्हणाले. “पन कोनता पाय, हे उघड नाई. तेच तं सारं गनित आहे.”

चहा घेऊन येणारी बाई दारात उभी होती. ती म्हणाली, “भाऊ, खिशात पान, तोंडात बिडी नाई. हे कोनतं येसन हो तुमचं?”

“हे सुटत नाई ना, बाई, म्हनून तं येसन.”

भाऊ चिमूरकडच्या एका खेड्यातले. छप्पन साली वडिलांसोबत नागपूरला गेले होते आणि बौद्ध होऊन परत आले होते, ते सांगताना त्यांचा आवाज थोडा वर जाई. बी.एस्सी. गणित घेऊन झाले. पुढचे शिकायला घरातून कोणी पाठवू शकले नाही, म्हणून ड्राफ्ट्समन झाले. पण गणित सोडले नव्हते. साठवलेली रजा घेऊन ते नागपूरला जात आणि ग्रंथालयात बसून परदेशी नियतकालिकांतले लेख हाताने उतरवून आणत. तशाच एका लेखात त्यांना त्यांचा विषय सापडला होता. इंग्रजीत त्याला लिनियर कॉम्प्लिमेंटॅरिटी प्रॉब्लेम म्हणतात. भाऊंनी रजिस्टरवर मराठीत लिहिले होते, ‘रेषीय पूरकता प्रश्न’, आणि खाली लाल शाईची रेघ.

तो प्रश्न त्यांनी मला जसा समजावला तसा मला कॉलेजात कोणी समजावला नव्हता. कॉलेजात आधार म्हणजे आधार. तो वर ढकलतो, गरज पडली तर खालीही ओढून धरतो, असे आपण धरून चालतो आणि समीकरणे सोडवतो. पण दगडावर नुसता टेकवलेला गर्डर, म्हणजे लोखंडी तुळई? दगड त्याला वर ढकलेल. गर्डर उचलला गेला तर दगड त्याला धरून ठेवणार नाही. म्हणजे प्रत्येक आधाराच्या दोन अवस्था, टेकलेला किंवा सुटलेला. चार आधार असले तर सोळा शक्यता. दहा असले तर हजाराच्या वर. त्यातली खरी एकच.

“मग सगळ्या तपासायच्या?” मी विचारले.

“तेवढं आयुष्य कोनापाशी आहे?”

त्यांच्या ड्रॉवरमध्ये फोडलेले चिंचोके होते, एक बाजू पांढरी, एक काळी. पोरी सारीपाटाला घेतात तसले. ते टेबलावर ओळीने मांडत. पांढरी बाजू वर म्हणजे टेकलेला, काळी म्हणजे सुटलेला. मग त्या मांडणीवर गणित करत. एखाद्या टेकलेल्या आधाराचा भार वजा आला, म्हणजे तिथे दगड ओढायला लागला, की तो चिंचोका काळा. एखाद्या सुटलेल्या जागी अंतर वजा आले, म्हणजे गर्डर दगडात घुसला, की तो पांढरा. मग पुन्हा गणित.

“ओढते त्याले सोडा, घुसते त्याले टेकवा,” ते एखादा मंत्र सांगावा तसे सांगत. “आन एका टायमाले एकच उलटवा साहेब. घाई केली, दोन उलटवले, तं तेच तेच फिरून येते.”

त्यांची ही सवय ऑफिसाबाहेरही सुटत नसे. हॉटेलात बाक हलला की चहा थंड होई, पण भाऊ बाकाखाली. कोणाच्या घरी गेले की पाटापासून पलंगापर्यंत सगळ्यांची परीक्षा. एकदा त्यांची बायको गावाहून लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन आली होती. मी गमतीने विचारले, “बाई, तुम्ही तिकडे, भाऊ इकडे, कसे चालते?” भाऊ म्हणाले, “अंतर आहे, म्हनून भार नाई.” बाई वडे वाढता वाढता म्हणाल्या, “याहिले काय होते सांगाले! शेत मी पाहून राह्यली, सासू मी पाहून राह्यली. भार सारा माह्यावर आहे. तुमचं ते गनित घरी लागू नाई.” भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग रजिस्टर उघडून म्हणाले, “हे लिहून ठेवतो.” आणि खरेच काहीतरी लिहिले.

आता पुलाविषयी.

जंगलात आत एका नाल्यावर आम्हाला पूल टाकायचा होता. दुसरीकडचा एक पूल मोडल्यावर निघालेले लांब लोखंडी गर्डर आम्हाला मिळाले होते. नाल्यात पक्का खडक होता तिथेच मधले दोन दगडी खांब उभे करावे लागले. त्यामुळे त्या दोन खांबांमधला गाळा लांब आणि दोन्ही टोकांचे गाळे आखूड झाले. गर्डरची दोन्ही टोके काठावरच्या दगडी बांधकामावर नुसती टेकलेली, वर ऐनाच्या लाकडाच्या फळ्या. पलीकडच्या सात-आठ गावांना पावसाळ्यात दवाखान्यापर्यंत यायला दुसरा रस्ता नव्हता.

आमच्या वरिष्ठांनी हिशेब केला, भाऊंनी नकाशा काढला. ट्रक मधल्या गाळ्यात आला की टोकाच्या आधारांचा भार वजा येत होता. वरिष्ठांनी वजा लिहिले आणि पुढे गेले. भाऊ ते चिन्ह घेऊन त्यांच्याकडे गेले. मी तिथे होतो.

“साहेब, हे वजा म्हंजे दगडानं गर्डर खाली ओढून धरला पाह्यजे. दगड ढकलते. दगड ओढत नाई.”

“भाऊ, तुम्ही रेघा मारा. आकडे आम्ही पाहू.”

भाऊ जागेवर येऊन बसले. चार चिंचोके काढले. दोन दिवस ते एकेक उलटवून गणित मांडत राहिले. तिसऱ्या दिवशी मधले दोन चिंचोके पांढरे होते, टोकाचे दोन काळे.

पुलाची तपासणी करून रस्ता खुला करायचे काम माझ्याकडे होते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला दोन कागद दिले, सुवाच्य अक्षरात लिहिलेले. सोबत ओल्या फडक्यातले पान.

“ट्रक मधात आला का दोनी टोकं उठतीन साहेब. ट्रक पुढं गेला का टोक खाली आपटन. दर ट्रकले असं होईन, मंग टोकाखाली बसवलेल्या लोखंडी पट्ट्या हळूहळू सरकतीन. तुमी भरलेला ट्रक मधल्या गाळ्यात उभा करा, आन मंग टोकाखाली पान घाला. शिरलं तं टोकं बोल्टानं खाली बांधून घ्या. तोवर रस्ता खोलू नका.”

“आणि ट्रक नसला तर?”

“तं पाहूच नका. रिकाम्या पुलावर सारेच पाय खरे असतेत.”

तो मे महिना होता. तेंदूचा हंगाम ऐन भरात, परिसरातले सगळे ट्रक पानांच्या पोत्यांसाठी धावत होते. ठेकेदाराचा मुकादम सकाळपासून मला सांगत होता, “ट्रक येऊनच राह्यला साहेब, निंगाला तो.” अकरा वाजले, एक वाजला. चंद्रपूरला जाणारी एकच एसटी तीनला फाट्यावरून जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मला चंद्रपुरात मुलगी पाहायला जायचे होते. वडील वर्ध्याहून तिकडे येणार होते. ती एसटी चुकली असती तर कार्यक्रम पुढे गेला असता, एवढेच. दुसरे काही बिघडले नसते.

मी रिकाम्या पुलाच्या टोकाखाली पान घालून पाहिले. शिरले नाही. वहीत लिहिले, ‘चारही आधार तपासले. संपर्क पूर्ण. रस्ता खुला करण्यास हरकत नाही.’ खाली सही केली आणि फाट्याकडे निघालो.

मुलगी मला आवडली. तिच्याशी माझा संसार चांगला झाला. ती पुढे आयुष्यभर कौतुकाने सांगायची, “हे तर आदल्या रात्रीच चंद्रपुरात येऊन बसले होते, इतकी घाई!” नातवंडांनाही तिने हे सांगितले. मी दर वेळी हसलो.

सोमवारी मी ऑफिसात शिरलो तेव्हा भाऊ उभेच होते.

“शिरलं का पान, साहेब?”

“नाही.”

“ट्रक होता मधात?”

“होता.”

“भरलेला?”

“हो.”

एवढेच. तीन शब्द. त्यांच्या चेहऱ्यावर संशय आला असता तर बरे झाले असते. आला तो विचार. त्यांनी मान हलवली, जागेवर गेले, आणि चिंचोके मांडून पहिल्यापासून गणित करू लागले. स्वतःची चूक शोधायला. त्यांना माझ्या शब्दावर शंका घ्यायचे सुचलेच नाही. पान पाहिले, शिरले नाही, म्हणजे टोक उठले नाही. म्हणजे गणितात चूक. आठवडाभर ते त्यात होते. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, “सापडत नाई साहेब, पन चुकलं माह्यंच. गनित चुकलं तरी चालते. पूल बरोबर असला म्हंजे झालं.” आणि बोल्टांचा विषय त्यांनी सोडला. तो लावून धरणारा ऑफिसात एकच माणूस होता. त्याला मी गप्प केले.

पोळ्यानंतर पुलाचे एक टोक खाली बसले. पट्ट्या सरकून निघाल्या होत्या. बांबू भरलेल्या ट्रकचे मागचे चाक फळ्या तोडून आत गेले. ड्रायव्हरचा पाय मोडला. कोणी मेले नाही, पण पलीकडची गावे उरलेला पावसाळा तुटून राहिली. मी चंद्रपूरच्या दवाखान्यात ड्रायव्हरला भेटायला गेलो. तो म्हणाला, “मधातून पुढं गेलो का मांगून आवाज ये साहेब, ठन्! रोजचाच. म्या म्हनलं, नवा पूल आहे, बसून राह्यला असन.” त्याने मला हे एकट्याला सांगितले. मी ते कुठेही लिहिले नाही.

चौकशीला नागपूरहून अधिकारी आले. व्हरांड्यात कोणीतरी म्हणत होते, “कोट्यातली माणसे टेबलाशी बसवली की असेच व्हायचे.” भाऊ तीन पावलांवर होते. त्यांनी ऐकले. मीही ऐकले. आमच्या वरिष्ठांनी सांगितले की नकाशात बोल्ट नव्हते, आणि नकाशा ड्राफ्ट्समनचा. माझी तपासणीची नोंद वाचली गेली, ती स्वच्छ होती. मग भाऊंना बोलावले.

“टोके उचलली जातील असे तुम्ही कधी बोलला होतात?”

“बोललो होतो, साहेब.”

“मग लावून का धरले नाही?”

“तपासणीत टोक उठलं नाई. या साहेबांनी ट्रक ठेवून पाह्यलं. मंग म्या म्हनलं, माह्यं गनित चुकलं.”

“म्हणजे तुमच्याच गणितावर तुमचा भरवसा नव्हता.”

भाऊंनी दिलेले दोन कागद त्या वेळी माझ्या पिशवीत होते. माझ्या मांडीवर पिशवी होती. मी दोन्ही हातांनी ती धरून बसलो होतो.

भाऊंच्या सेवापुस्तकात ताशेरा आला, बढती गेली, बदली हेमलकशाच्याही पलीकडे झाली. ते निघाले तेव्हा मला म्हणाले, “तुमी मनाले लावून घेऊ नका साहेब. तुमी तं पाह्यलंच होतं.”

माघात माझे लग्न झाले. भाऊ तीन एसट्या बदलून आले होते, तोच पांढरा शर्ट. स्टेज एका बाजूने हलत होते. आमच्या ऑफिसातले लोक हसून ओरडले, “भाऊ, काढा पान!” भाऊंनी रिकाम्या खिशावर हात ठेवला.

“आता मी पाहत नाई,” ते म्हणाले.

ते स्टेजवर आले, आम्हा दोघांना आशीर्वाद दिला. बायकोने नंतर विचारले, “किती भले गृहस्थ होते. कोण ते?” मी म्हणालो, “ऑफिसातले एक.”

दशक संपता संपता कळले की भाऊ आजारी रजेवर गावी आले आहेत. मी गेलो. जाताना ते दोन कागद घेतले होते. चिमूरच्या स्टँडपासून त्यांच्या गावापर्यंत मी एकच वाक्य मनात घोकत होतो. बाईंनी अंगणात खाट टाकून दिली. भाऊ फारच वाळले होते. उशाशी रजिस्टरांची थप्पी होती, एकावर एक, सगळी भरलेली.

बाई म्हणाल्या, “पहा तुमच्या भाऊले. डाक्तरनं आराम कर म्हनलं, आन हे पाहा. रोज तेच. म्हनते, चूक कुठी आहे ते पाहून राह्यलो. अवं, जेवाचं भान नाई मान्साले!”

“सात वर्सं झाले, साहेब,” भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण विषय निघाल्याबरोबर डोळे जागे झाले. “वेगळ्या तीन रीतींनं सोडवलं. गर्डरचं वजन बदलून पाह्यलं, खांब थोडा दबला असं धरून पाह्यलं. दर डाव टोक उठतेच. आन पान तं शिरलं नाई. म्हंजे मले काही तरी मुळातच समजलं नसन. जाता जाता तेवढं समजलं असतं, तं बरं वाटलं असतं.”

ते जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी कोपरावर रेटा देऊन मान उचलली.

“एक विचारू का, साहेब? राग नका मानू. ट्रक भरलेला होता ना?”

यापेक्षा सोपा दरवाजा कोणी कोणाला उघडून दिला नसेल. त्यांना माहीत होते का, हे मी तेव्हापासून रोज स्वतःला विचारतो. मला वाटते, नव्हते. ते फक्त गणितातली शेवटची उरलेली गोष्ट तपासत होते.

बाई चहा घेऊन आल्या. मी कप हातात घेतला.

“हो भाऊ,” मी म्हणालो. “भरलेला होता.”

त्यांनी मान खाली टेकवली. “मंग माह्यंच आहे,” ते म्हणाले, आणि माझ्या बायकोची चौकशी केली, मुलाची केली, संध्याकाळची एसटी चुकेल म्हणून मला लवकर निघायला सांगितले.

त्या हिवाळ्यात ते गेले. मला पत्र उशिरा मिळाले. मी पुन्हा त्या गावी गेलो नाही. बाईंना सांगायचे तर तोंड नव्हते, आणि आता त्याही नाहीत.

म्हणून हे इथे लिहितो, ज्यांच्या वाचनात येईल त्यांच्यासमोर. पुलाची टोके उठत होती. भाऊंच्या कोणत्याही रजिस्टरात चूक नव्हती, पहिल्यात नव्हती आणि शेवटच्यातही नव्हती. आणि चिमूरच्या स्टँडपासून त्यांच्या अंगणापर्यंत घोकत नेलेले वाक्य, जे कप हातात असताना तोंडातून बाहेर पडले नाही, ते असे होते:

भाऊ, मला माफ करा. त्या दिवशी ट्रक आलाच नव्हता.